आकृती क्रमांक दोन

पेपर कितीही थोर असो, कॉमाताईच्या हाताखालून गेल्याशिवाय तो त्वचारोग विभागाचा उंबरठा ओलांडत नसे. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. कधीतरी एका तरुण डॉक्टरने "तुम्हाला भातातले खडे नाही, कॉमा दिसत असतील," म्हणून चिडवलं, आणि तेव्हापासून शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे तिला कॉमाताईच म्हणत.

डॉक्टर मंडळी रोग ओळखण्यात हुशार, पण जर्नलला पेपर पाठवायचा म्हटला की त्यांची पाचावर धारण बसे. सारांश अडीचशे शब्दांत हवा असला की चारशे लिहून आणत आणि वर "यातला एकही शब्द काढू नका हं," अशी ताकीद देत. तक्त्यातली बेरीज मजकुरातल्या बेरजेशी जुळत नसे. ज्या जर्नलने पेपर नाकारला त्याच जर्नलच्या संपादकांचं नाव दुसरीकडे पाठवायच्या पत्रावर तसंच राहिलेलं असे. हे सगळं कॉमाताई तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत बसून निस्तरायची. खोली अरुंद होती, खिडकीतून बॉयलरची चिमणी दिसे, आणि भिंतीला लागून तीन लोखंडी कपाटं होती. एकोणीस वर्षांत एकशे बारा पेपर तिने डोळ्यांत तेल घालून तपासले, सजवले, पाठवले. तिचं नाव कुठे? शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आभारांच्या ओळीत, 'कार्यालयीन मदतीबद्दल'. तेही आठवण राहिली तर.

म्हणून त्या मार्चमध्ये विभागप्रमुख सर तिच्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले, तेव्हा तिला आधी वाटलं, काहीतरी चुकलं.

"कॉमाताई, या केसचे जुने संदर्भ तुम्ही शोधून काढलेत. आठ. मला तीनच सापडले होते," सर म्हणाले. "लेखकांत तिसरं नाव तुमचं घालतोय."

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आईचं वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. "छापून आलं की मला दाखव," आई म्हणाली. "आभारातलं नको. वरचं."

ती केस म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. चेहऱ्याची कातडी हळूहळू घट्ट, चकचकीत होत जाण्याचा दुर्मीळ आजार. दोन वर्षांत नाक बारीक झालं होतं, ओठ आत ओढले गेले होते, गालांवर सुरकुती म्हणून उरली नव्हती. इतक्या वर्षांच्या शेजारणीने त्यांना रस्त्यात ओळखलं नव्हतं. दर मंगळवारी त्या तपासणीला यायच्या आणि बाकावर बसून विभागाच्या पडद्यांचे उसवलेले काठ न सांगता शिवून द्यायच्या. सुई-दोरा पिशवीत असायचाच.

फोटो काढायच्या दिवशी करडा पडदा लावला होता. सर कॅमेऱ्यामागे, मावशी स्टुलावर, आणि कॉमाताई फ्रेमच्या बाहेर, हात लांब करून, गालाजवळ प्लॅस्टिकची फूटपट्टी धरून. डाग किती मोठा आहे ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून अशी फूटपट्टी धरायची पद्धत असते. तीन फोटो झाले. सर हात धुवायला गेले.

"ताई," मावशी म्हणाल्या. ओठ पुरते मिटत नसल्यामुळे त्यांचा शब्द हवेसारखा यायचा. "हे पुस्तक डॉक्टर लोक वाचतात ना?"

"हो. लांबलांबचे वाचतात."

"मग तोही वाचेल."

तो म्हणजे त्यांचा मुलगा. डॉक्टर. कातडीचाच डॉक्टर व्हायचं म्हणायचा. बाप शेवटच्या दुखण्यात असताना परीक्षा सोडून आला नाही. आला तो सगळं आटोपल्यावर. "दारात उभा होता बॅग घेऊन. मी म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. पोर माझंच. शब्दाचं पक्कं. अकरा वर्षं झाली, दाखवलं नाही." मावशींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "आता मलाच माझं तोंड त्याला दाखवायचंय. पण हे तोंड काही माझं राहिलं नाही. आरशात मीच दचकते. डोळे तेवढे माझे आहेत. डोळ्यांवरून ओळखेल तो. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारतात, बघितलंय मी. चोरांना मारतात तशी. ती मारू नका. दाखवाल ना, ताई?"

"दाखवू, मावशी," कॉमाताई म्हणाली. आणि त्या क्षणी ती खरंच बोलली होती. एवढं मात्र तिच्या बाजूने सांगायला हवं.

फॉर्म जर्नलच्या भाषेत होता. त्यात दोन चौकोन होते: रुग्णाची ओळख झाकावी, किंवा झाकू नये. मावशींनी खाली सही केली, हळूहळू, टाके घालावेत तशी. चौकोन कोराच होता. "तो मी भरते," कॉमाताई म्हणाली.

गुरुवारी ती सरांकडे गेली. चेहरा उघडा छापायचा तर रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीचं वेगळं पत्र लागतं, हे तिला ठाऊक होतं. कमिटी महिन्यातून एकदा बसायची. नुकतीच बसून उठली होती. जर्नलच्या ज्या विशेषांकासाठी हा पेपर होता, त्याची मुदत शुक्रवारी संपत होती.

"अहो, कोण मुलगा, कुठला मुलगा," सर म्हणाले. ते दुष्ट नव्हते, घाईत होते. "ओळख झाकणं हे तिच्याच भल्याचं आहे. टाका पट्टी. विशेषांक हुकला तर पुढचं वर्ष उजाडेल. मग लेखकांची यादी काय राहील, मी आत्ता सांगू शकत नाही."

कॉमाताई खोलीत परत आली. तिने पेन घेतलं आणि 'झाकावी'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. एकोणीस वर्षांत अशा हजार खुणा केलेल्या हाताला काय कळतंय! मग तिने तीनपैकी सर्वांत स्वच्छ फोटो उघडला, डोळ्यांवर काळी पट्टी ओढली, छापील मापात बरोबर अकरा मिलिमीटर. त्या फोटोत तिची स्वतःची फक्त दोन बोटं आली होती, फूटपट्टीच्या टोकाला. तेवढी चालतात. शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पेपर गेला.

पुढच्या मंगळवारी मावशींनी विचारलं, "आलं का हो छापून?"

"वेळ लागतो, मावशी. आधी ते दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेतात."

"लागू दे. अकरा वर्षं लागली, आणखी थोडी."

त्यानंतरचे चार मंगळवार त्या असंच विचारत राहिल्या आणि कॉमाताई पट्टीविषयी काही बोलली नाही. सांगायला तोंड होतं कुठे! पाचव्या मंगळवारी मावशी आल्या नाहीत. जूनमध्ये त्यांची फाइल चालू कपाटातून बंद कपाटात गेली. छातीत पाणी झालं, दुसऱ्या वॉर्डात वारल्या, एवढंच कारकुनाने सांगितलं. नातेवाइकांच्या रकान्यात रेघ होती. त्या दुपारी कॉमाताईने डबा उघडला आणि तसाच मिटला. विभागाच्या पडद्याचा काठ तिच्यासमोर हलत होता, बारीक, एकसारख्या टाक्यांचा.

ऑगस्टमध्ये पेपर स्वीकारला गेला आणि पहिलं प्रूफ आलं. प्रूफ म्हणजे पान छापल्यावर कसं दिसेल त्याचा नमुना. सोबत प्रकाशकाचे प्रश्न असतात. एकेकाला उत्तर द्यायचं आणि अठ्ठेचाळीस तासांत परत पाठवायचं. कॉमाताई प्रूफ नेहमी कागदावर काढून वाचायची.

तिसरं नाव तिचं होतं. ते तिने दोनदा वाचलं. मग पान उलटलं.

आकृती दोनमध्ये पट्टी बारीक वाटली. भुवया तिने पूर्ण झाकल्या होत्या, त्या आता पट्टीच्या वर दिसत होत्या, विरळ, पांढुरक्या. तिने ड्रॉवरमधून तीच फूटपट्टी काढली आणि मोजलं. आठ मिलिमीटर. आणि फूटपट्टी धरलेल्या दोन बोटांच्या मागे तिसरं बोट होतं.

प्रकाशकाकडचे लोक चित्र ओढून-ताणून बसवतात, तिला ठाऊक होतं. तरी मनात पाल चुकचुकली. तिने प्रश्न वाचायला घेतले. पहिला एका संदर्भाच्या सालाबद्दल, दुसरा सरांच्या पदवीबद्दल, तिसरा तक्त्याच्या तळटीपेबद्दल. चौथा होता: 'आकृती २. पट्टी रुग्णाच्या इच्छेनुसार आहे ना?'

तिने 'होय' लिहिलं. मग प्रकाशकाच्या कचेरीत फोन केला.

"चित्र बदललंय तुम्ही," ती म्हणाली. "मूळ फाइलप्रमाणे करा. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय."

पलीकडची मुलगी कळफलकावर काहीतरी बडवत होती. "मॅडम, चित्र तुम्ही पाठवलं तसंच आहे. आणि चौथा प्रश्न कुठला? आमच्याकडून तीनच गेलेत."

"चौथा आहे. माझ्या हातात आहे."

"आमच्याकडे तीनच दिसतायत, मॅडम," ती मुलगी म्हणाली. "मी पुन्हा पाठवू का?"

दुसरं प्रूफ सोमवारी आलं. पट्टी पाच मिलिमीटर होती. वरच्या पापण्या दिसत होत्या, आणि खालच्या पापण्यांवरचा ओलसर काठ. उजव्या बाजूने आता पूर्ण हात आत आला होता, मनगटासकट. मनगटावर कॉमाताईचं घड्याळ होतं, काच तडकलेलं. फोटोच्या दिवशीही ते तिच्या हातात होतं, आत्ताही होतं.

तिने विभागाच्या संगणकावर मूळ फोटो उघडला. तिथे फ्रेम दोन बोटांशी संपत होती. त्यापुढे काही नव्हतंच. जे कॅमेऱ्याने घेतलंच नाही ते छापायला कुठून येणार? बाकीचे दोन फोटोही तिने पाहिले. दोन बोटं. दोन बोटं.

चौथा प्रश्न: 'आकृती २. रुग्णाला काय सांगितलं होतं?'

ती प्रूफ घेऊन सरांकडे गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"पट्टी जागेवर आहे की."

"बारीक नाही वाटत?"

"तुम्हाला तर साधा कॉमाही हत्तीएवढा दिसतो," सर हसले. "चांगली जाड आहे. प्रूफात आता कॉमा-फुलस्टॉपपलीकडे काही बदलायचं नाही. चित्राला हात लावला तर सगळं प्रकरण पुन्हा कमिटीकडे. संमतीचा कागद मागतील. आहे ना कागद नीट?"

"आहे," कॉमाताई म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. त्या दोन दिवसांत ती जिन्यात, लिफ्टच्या आरशात, घरी ताटावर बसतानाही आपलं मनगट बघत राहिली. आई म्हणाली, "किती वेळा बघतेस घड्याळ? कुणी यायचंय का?"

तिच्या मनात होतं ते असं. एक पत्र लिहायचं, चार ओळींचं. चौकोन मी भरला, रुग्णाची इच्छा उलट होती, पट्टी काढावी किंवा पेपर थांबवावा. असली पत्रं तिने इतरांसाठी डझनभर लिहिली होती, दुरुस्तीची, दिलगिरीची. मजकूर तिला तोंडपाठ होता. पत्र गेलं की तिसरं नाव जाईल. नोकरीही कदाचित. मावशी तर गेल्याच होत्या. आता पट्टी काढून कुणाचं भलं व्हायचं होतं? असं ती स्वतःला समजावत होती, आणि समजूत पटत नव्हती, कारण मावशी गेल्या असल्या तरी मुलगा होता. कुठेतरी होता.

बुधवारी शेवटचं प्रूफ आलं.

दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर बाकांवर रुग्ण बसले होते, नंबर पुकारले जात होते. तिने पान काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. मग सुलटं केलं.

पट्टी दोऱ्याएवढी उरली होती. एक काळा, सरळ दोरा, दोन्ही बाहुल्यांवरून गेलेला.

डोळे मावशींचेच होते. तपकिरी, डावा किंचित लहान.

मूळ फोटोत त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. इथे बघत नव्हत्या. फूटपट्टी धरलेल्या हाताकडे बघत होत्या, आणि हाताच्या पलीकडे, जिथे माणूस उभा असतो तिथे. हात कोपरापर्यंत आला होता. बाहीला निळा काठ होता.

चौथा प्रश्न आता जर्नलच्या भाषेत नव्हता. त्या भाषेत 'ताई'ला शब्दच नाही.

'दाखवाल ना, ताई?'

उत्तराची चौकट रिकामी ठेवून प्रूफ पुढे जात नसे. संगणक तांबडी खूण दाखवून परत आणून सोडायचं. तिने तीनदा करून पाहिलं.

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारला.

कॉमाताईने चौकटीत लिहिलं ते या धंद्यातलं नेहमीचं उत्तर. बोटांनीच लिहिलं म्हणा ना.

'बदल नाही.'

प्रूफ गेलं.

ऑक्टोबरमध्ये विशेषांक आला, गुळगुळीत कागदावर. खोलीचं दार लावून तिने आकृती दोन उघडली आणि फूटपट्टी ठेवली. अकरा मिलिमीटर. फूटपट्टीच्या टोकाला दोन बोटं, एक कमी नाही, एक जास्त नाही. तिने पान खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. सरांची प्रत पाहिली, ग्रंथालयातली पाहिली. सगळीकडे अकरा. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पट्टी इतकी काळी आणि इतकी सरळ होती की तिला रडू आलं.

घरी आईने अंक मांडीवर घेतला. नावावरून बोट फिरवलं, पहिलं, दुसरं, आणि तिसऱ्यावर थांबली. "हेच ना?" मग तिने पानं उलटली, आणि कॉमाताई नको म्हणेपर्यंत ती आकृती दोनपाशी आली.

"अगं बाई. हिला कुणी आहे का?"

"मुलगा आहे."

"त्याने बघितला तर ओळखू तरी येईल का गं? डोळेच झाकलेत."

कॉमाताईने अंक तिच्या मांडीवरून उचलला. आईच्या डोळ्यांकडे तिने त्या दिवशी पाहिलं नाही, नंतरही बरेच दिवस नीट पाहता आलं नाही. आता वाटतं, तेव्हा तरी ते चार ओळींचं पत्र लिहायला हवं होतं. छापून झालेल्या पेपरलाही दुरुस्ती जोडता येते. पण लिहिलं नाही, हेही खरंच.

जानेवारीत पेपरविषयीची पत्रं येऊ लागली. ती सरांच्या नावाने यायची आणि कॉमाताई उघडायची. कुणाला प्रत हवी असायची, कुणाला औषधाची मात्रा. एका गुरुवारी सकाळी आलेलं पत्र जर्नलच्या भाषेत नव्हतं. घरच्या भाषेत होतं, बरेच दिवस न लिहिलेल्या माणसाने लिहावं तसं जपून जपून लिहिलेलं.

'महोदय,

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, इथे एका लहान रुग्णालयात. विशेषांकातला तुमचा पेपर काल वाचला. आकृती दोनमधली रुग्ण माझी आई आहे. आधी ओळखलं नाही. चेहरा काही तिचा राहिलेला नाही. पण डोळे पाहिले आणि ओळखलं. डावा किंचित लहान. ती सरळ माझ्याकडे बघते आहे.

अकरा वर्षं मी तिचं ऐकलं. यापुढे ऐकणार नाही. रजा मिळाली आहे, मंगळवारी सकाळी तुमच्या विभागात पोहोचतो. ती मंगळवारी तपासणीला येते, असं पेपरात लिहिलं आहे. तिला आधी सांगू नका. ती उठून जाईल.'

कॉमाताईने ड्रॉवर उघडला. अंक वरच होता. आकृती दोन. काळी पट्टी. दोन बोटं. फूटपट्टी ठेवून तिने पुन्हा मोजलं. अकरा. मंगळवारला पाच दिवस होते. त्या माणसाला बाकावर बसवून काय सांगायचं, कोणत्या शब्दापासून सुरुवात करायची, ते तिला सुचेना.

मग तिच्या ध्यानात आलं की पत्र संपलेलं नाही. सहीच्या खाली आणखी काही ओळी होत्या.

'ता. क. फोटोत आईच्या शेजारी फूटपट्टी घेऊन ज्या बाई उभ्या आहेत, निळ्या काठाच्या बाहीच्या, त्यांना मला भेटायचं आहे. आई त्यांच्या किती जवळ बसली आहे, त्यावरून वाटतं की तिची विचारपूस त्याच करत असाव्यात. त्यांचे आभार मानायचे आहेत. पण त्यांना ओळखू कसं? काळी पट्टी त्यांच्या डोळ्यांवर का लावली आहे?'